संगत लागण्याच्या आधी

एखादा मुलगा चोरीत किंवा मारामारीत सापडला की घरचे आणि शेजारचे लगेच संगतीला दोष देतात आणि ‘वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण हटकून निघते. संगतीचा परिणाम होतो हे खरेच आहे. पण ती संगत याच मुलाला का लागली आणि त्याच वस्तीतल्या दुसऱ्याला का लागली नाही, याचे उत्तर म्हणीत मिळत नाही.

हे उत्तर शोधण्यासाठी शेल्डन आणि एलिनॉर ग्लुक या अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ दांपत्याने बॉस्टनमधील १००० मुलांचा अभ्यास केला आणि तो १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५०० मुले सुधारशाळांत पाठवलेली होती, तर ५०० मुलांच्या नावावर गुन्हा नव्हता. वय, बुद्ध्यंक, वांशिक पार्श्वभूमी आणि वस्तीची गरिबी जुळवून त्यांच्या जोड्या लावल्या होत्या, त्यामुळे या चार गोष्टींवर फरकाचे खापर फोडता येत नव्हते. उरलेल्या फरकांत ठळक होत्या त्या आईची देखरेख, शिस्तीतील सातत्य आणि आईवडील व मूल यांच्यातील जिव्हाळा. ग्लुक दांपत्याने मुलांच्या पिळदार शरीरयष्टीलाही महत्त्व दिले होते. हाडापेरावरून गुन्हेगार ओळखण्याचा हा मोह जुना आहे, आणि ‘रक्तातच आहे’ किंवा ‘पत्रिकेतच आहे’ असे म्हणणारे आपल्याकडचे लोकही त्याच मोहाला बळी पडतात. मुलाला सुधारण्याची जबाबदारी त्यातून सोयीस्करपणे टळते.

१९६९ मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शी यांनी प्रश्नच उलटा केला: मुले गुन्हा का करतात यापेक्षा बहुतेक मुले तो का करत नाहीत? कॅलिफोर्नियातील रिचमंड परिसरातल्या शाळकरी मुलांच्या उत्तरांवरून त्यांनी मुलाला गुन्ह्यापासून रोखणारे चार बंध मांडले: माणसांविषयीची ओढ, शिक्षण व भवितव्यात घातलेले भांडवल, कामात गुंतलेला वेळ आणि नियमांविषयीचा आदर. यांतला वेळेचा बंध त्यांच्याच माहितीत अपेक्षेपेक्षा कमकुवत ठरला, कारण दुकानातली वस्तू खिशात घालायला काही मिनिटे पुरतात आणि एवढी सवड कोणत्याही मुलाला असते.

खरी ताकद पहिल्या बंधात आहे. मोहाच्या क्षणी पालक जवळ नसतातच. प्रश्न असतो तो मुलाच्या मनात ते हजर आहेत का, एवढाच. ‘तू घराबाहेर असताना कुठे आणि कोणाबरोबर आहेस हे आईला ठाऊक असते का?’ या आशयाच्या प्रश्नांना ज्यांची उत्तरे होकारार्थी होती, त्यांच्यात गुन्ह्यांचे प्रमाण कमी आढळले. मात्र आईला हे ठाऊक होते कसे? स्वीडनमधील चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर या मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये दाखवले की पालकांना असलेली माहिती मुख्यतः मुलाने आपणहून सांगितलेली असते. पाळतीचा आणि उलटतपासणीचा वाटा त्या मानाने थोडा असतो. म्हणजे आपण ज्याला देखरेख म्हणतो ती बरीचशी मुलाने दिलेली असते, आणि सांगितल्यावर केवळ ओरडाच बसत असेल तर ते देणे आटते. मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी घाबरवण्याचे अमेरिकेतील कार्यक्रम गाजले, पण नियंत्रित चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात त्यांतून गेलेल्या मुलांचे गुन्हे वाढलेले दिसले. भीतीने बंध तयार होत नाही.

हर्शींनी मित्रांचा प्रभाव कमी लेखला, ही त्यांच्यावरील टीका पुढील संशोधनाने रास्त ठरवली आहे. तरीही बंध आधी सैल होतो आणि मग संगत पकड घेते, हा क्रम मला पटतो.

सैल झालेला बंध पुन्हा जुळतो का, हे कळले ते ग्लुक दांपत्याच्याच कागदांतून. हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाच्या तळघरात खोक्यांत पडून असलेल्या त्या नोंदी रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब या समाजशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात बाहेर काढल्या, त्यांचे नव्याने विश्लेषण केले आणि पुढे सत्तरीला पोहोचलेल्या काही जणांना शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या. गरिबीचा परिणाम बराचसा घरातील देखरेख आणि जिव्हाळ्यावर होऊन मगच मुलापर्यंत पोहोचतो, असे त्यांना दिसले. सुधारशाळेतून आलेल्या याच पुरुषांच्या आयुष्यात स्थिर नोकरी, लष्करातील सेवा आणि लग्न ही वळणे ठरली. तोच माणूस विवाहित असतानाच्या काळात त्याच्या हातून गुन्हा घडण्याची शक्यता सरासरी सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होती. सॅम्पसन आणि लॉब यांच्या मते लग्नाने केवळ प्रेम मिळत नाही, तर संध्याकाळचा दिनक्रम बदलतो, जुन्या टोळक्याशी भेटी कमी होतात आणि घरी वाट पाहणारे, विचारणारे माणूस येते. बालपणाच्या नोंदींवरून मात्र यांतला कोण सुधारेल आणि कोण नाही, हे आधी सांगता येत नव्हते.