एटी की एटीएक्स? जुनं कॅबिनेट रंगवण्याआधी हे बघा

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला, धूळ झटकली, की पहिला विचार येतो तो रंगाचा. पिवळट पडलेलं कॅबिनेट काळंभोर करू, पुढे जाळी बसवू, आत लाइटची पट्टी लावू. पण रंगाचा डबा आणण्याआधी एक गोष्ट बघून घ्या. ती न बघता लोक सरळ स्क्रू खोलायला बसतात, म्हणून हे लिहितोय. कॅबिनेट, आतला बोर्ड आणि वीजपुरवठा यांच्या रचनेचे दोन प्रकार होते, एटी आणि एटीएक्स. तुमच्यासमोरचं कॅबिनेट यातलं कोणतं?

बाहेरून दोन्ही सारखीच. तोच मळकट पांढरा रंग, तेच ड्राइव्हचे कप्पे, पुढे तेच मोठं बटण. एटी हे नाव आयबीएमच्या १९८४ सालच्या पीसी एटीवरून आलं. इंटेलने एटीएक्सचा आराखडा १९९५ मध्ये आणला, पण त्यानंतरही काही वर्षं दोन्ही प्रकार बाजारात होते. त्यामुळे १९९७-९८ साली असेंबल केलेलं मशीन दोन्हीपैकी काहीही असू शकतं. नुसत्या सालावरून ओळखता येत नाही.

खरा फरक आहे तो ‘बंद’ या शब्दाच्या अर्थात.

एटी कॅबिनेटचं पुढचं बटण म्हणजे भिंतीवरच्या बटणासारखंच मेन्सचं बटण. एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यातून, एक जाड केबल निघते आणि पार पुढच्या पट्टीपर्यंत येते. तिच्यात चार वायरी, बहुधा तपकिरी, निळी, पांढरी आणि काळी. त्या बटणाच्या मागे चपट्या पिनांवर खोचलेल्या असतात. घरातले २३० व्होल्ट दोन वायरींतून बटणापर्यंत येतात आणि दुसऱ्या दोन वायरींतून एसएमपीएसकडे परत जातात. कॉम्प्युटर बंद केला, पंखा थांबला, तरी प्लग भिंतीत असेल आणि भिंतीवरचं बटण चालू असेल, तर त्या पिनांवर २३० व्होल्ट तसेच असतात. मदरबोर्ड मेलेला, बटण मात्र जिवंत.

एटीएक्समध्ये नेमकं उलटं. पुढच्या बटणापासून दोन बारीक वायरी मदरबोर्डच्या पिनांवर जातात, बस. बटण फक्त निरोप देतं. निरोप मिळाला की बोर्ड एसएमपीएसची हिरवी वायर ग्राउंडला जोडतो आणि एसएमपीएस सुरू होतो. हा निरोप ऐकायला बोर्ड जागा असावा लागतो, म्हणून जांभळ्या वायरीतून ५ व्होल्ट त्याला सतत मिळत राहतात. बटणाच्या वायरींवर फार तर तेवढेच व्होल्ट, हाताला कळणारही नाहीत. पण अशा अर्धवट जाग्या बोर्डवरून रॅम किंवा कार्ड ओढून काढलं तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो.

म्हणजे एटीत जपायचं स्वतःला, एटीएक्समध्ये बोर्डाला. काम सुरू करताना दोन्हीकडे प्लग भिंतीतून उपटून बाजूला ठेवायचा. नुसतं बटण बंद केलं म्हणून हात घालू नका.

विंडोज ९५ वापरलेल्यांना आठवत असेल, शट डाऊन केलं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत ‘आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य येऊन थांबायचं. ते एटी मशीनवर. तिथे सॉफ्टवेअरला वीज तोडण्याची सोयच नव्हती, शेवटचं काम बोटानेच करायचं.

ओळखायचं कसं? प्लग काढा आणि बटण दाबा. खट्ट आवाज होऊन आत अडकून राहिलं तर एटी, लगेच परत वर आलं तर एटीएक्स. मग मागची बाजू बघा. एटीला कीबोर्डसाठी एक मोठं गोल भोक असतं आणि बाकीचे पोर्ट सुट्या पट्ट्यांवर विखुरलेले. एटीएक्सला सगळे पोर्ट एकत्र मावतील अशी एक आडवी चौकट असते, सुमारे १५९ बाय ४४ मिलिमीटरची. या दोन्ही खुणा जुळायला हव्यात, कारण मधल्या काळात मागची पत्र्याची पट्टी बदलून दोन्ही बोर्ड बसतील अशी कॅबिनेटंही निघाली होती. शंका राहिलीच तर झाकण उघडून बटणामागची वायर बघा. जाड केबल थेट एसएमपीएसमध्ये शिरत असेल तर उत्तर मिळालं.

आता माझी चूक सांगतो. घरातल्या एटी कॅबिनेटमध्ये मी नवा बोर्ड आणि नवा एसएमपीएस बसवला. जुना एसएमपीएस केबलसकट काढून टाकला, पण त्या बटणाचा तो भरदार खट्ट आवाज मला हवाच होता. म्हणून त्याच बटणाला बारीक वायरी डाखून त्या बोर्डला जोडल्या. दाबलं की पंखे फिरायचे, दिवा लागायचा आणि चार-पाच सेकंदांत सगळं गप्प. दोन दिवस मी नव्या एसएमपीएसवर संशय घेत बसलो. दोष बटणाचा होता. एटीएक्सचं बटण चार सेकंद दाबून धरलं की बोर्ड ती सक्तीने बंद करण्याची आज्ञा समजतो. माझं बटण तर आत अडकूनच राहत होतं.

ते बटण सोडवून टेबलावर घेतलं. त्याच्या अंगावर एक बदामाच्या आकाराची खाच होती आणि तिच्यातून फिरणारी केसाच्या आकड्यासारखी बारीक तार. ती तारच बटणाला आत अडकवून ठेवते. चिमट्याने ती अलगद काढली आणि बटण स्प्रिंगवर परत यायला लागलं. आवाज थोडा कमी झाला, पण बोटाखालचा जडपणा तोच राहिला. मला हा बदल नवीन बटण आणून बसवण्यापेक्षा कितीतरी जवळचा वाटतो.

याच्या उलट मात्र कधीही करू नका. जुना एटी बोर्डच चालवायचा असेल आणि पुढे दिसायला छान एटीएक्सचं छोटं बटण लावावंसं वाटलं, तरी त्या नाजूक बटणातून २३० व्होल्ट न्यायचे नाहीत. ते त्यासाठी बनलेलंच नसतं. मूळ बटण काढायची वेळ आली तर आधी चारही वायरींचा फोटो काढा. जोड्या चुकल्या तर बटण दाबताच सरळ शॉर्ट होतो.

पुढच्या पट्टीवर हिरवे-लाल आकडे दाखवणारी मेगाहर्ट्झची खिडकी असेल तर ती फेकू नका. ती वेग मोजत नाही. मागच्या जंपरवर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्यांवर) जे लावाल ते आकडे दाखवते, त्यामुळे ५ व्होल्ट दिले की आपल्या आवडीचा आकडा कायम झळकवता येतो. एटीएक्सच्या जमान्यात ही खिडकी जवळजवळ नाहीशी झाली.

रंगाकडे येताना एक गोष्ट दोन्ही प्रकारांना लागू आहे. पाय अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, हा अनुभव आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह पत्र्यावर उतरतो, त्या या झिणझिण्या. रंग हा वीजरोधक. बोर्डखालच्या पितळी खुंट्यांची जागा, एसएमपीएसचे स्क्रू बसतात तो मागचा पत्रा आणि एटीत अर्थिंगच्या हिरव्या वायरीचा स्क्रू, एवढ्या जागांवर रंग मारण्याआधी कागदी टेप चिकटवा. मी हिरव्या वायरीच्या जागी टेप लावायला विसरलो होतो. नंतर सॅंडपेपरने रुपयाएवढा रंग खरवडून पत्रा उघडा केला, वायर परत आवळली आणि मल्टीमीटरचं एक टोक प्लगच्या अर्थिंगच्या जाड पिनेला, दुसरं पत्र्याला लावून बीप ऐकूनच झाकण बसवलं.