विजेच्या सुराला हात कुठे लावायचा?

विजेतून सूर काढणं माणसाला लवकर जमलं. त्या सुराला वादकाचा हात कसा लागू द्यायचा, हा प्रश्न मात्र शंभर वर्षांनंतरही नवी वाद्यं घडवणाऱ्यांसमोर आहेच.

सुरुवात पेट्रोग्राडची. १९२० साली तिथल्या भौतिकशास्त्राच्या संस्थेत लेव्ह थेरेमिन वायूंचे विद्युत गुणधर्म मोजणारं उपकरण जुळवत होते. त्यातला बदल शिट्टीच्या रूपात ऐकू यायचा. हात जवळ नेला की ती शिट्टी चढते, मागे घेतला की उतरते, हे त्यांच्या लक्षात आलं. ते चेलो वाजवायचे, म्हणून त्यांना त्या शिट्टीत वाद्य दिसलं.

आतली रचना साधी आहे. दोन दोलक, म्हणजे विजेची कंपनं निर्माण करणारी मंडलं, कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारितेवर चालतात. एकाची वारंवारिता कायम, दुसरा अँटेनाला जोडलेला. हात अँटेनाजवळ आला की तिथली विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते, दुसरा दोलक किंचित सरकतो आणि दोघांमधला फरक सूर होऊन ऐकू येतो. उजवा हात उभ्या अँटेनापाशी सूर धरतो, डावा आडव्या कड्यापाशी आवाज लहानमोठा करतो. स्पर्श कशालाच नाही. तार नाही, पडदा नाही. षड्ज कुठे आहे हे सांगणारं बोटाखाली काहीच नाही. क्लारा रॉकमोर यांनी हाताच्या दुखण्यामुळे व्हायोलिन सोडलं, या वाद्याकडे वळल्या आणि हवेत बोटं उलगडून अचूक सूर लावण्याची पद्धत बसवली. वाद्य थेरेमिन यांनी बनवलं, पण ते वाजवायचं कसं हे रॉकमोर यांनी दाखवलं. या दोन कामांत मला लहानमोठं करता येत नाही.

कॅनडाच्या ह्यू ल केन यांनी १९४५ ते १९४८ या काळात ‘इलेक्ट्रॉनिक सॅकबट’ हे पट्ट्यांचं वाद्य घडवलं. त्याची पट्टी जोरात दाबली की आवाज वाढायचा, आडवी ढकलली की सूर सरकायचा. पट्टीवर मींड! ती वाट तेव्हा पुढे गेली नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

१९६० च्या दशकात अमेरिकेत दोन घरं झाली. रॉबर्ट मूग यांच्या सिंथेसायझरला काळ्यापांढऱ्या पट्ट्या आल्या. डॉन बुकला यांनी त्या नाकारून धातूच्या स्पर्शपट्ट्या दिल्या. ओळखीच्या पट्ट्या आल्या की बोटं जुनंच संगीत वाजवतात, अशी त्यांची धारणा होती. बाजारात पट्ट्याच जिंकल्या.

१९८३ मध्ये मिडी आलं, म्हणजे विजेच्या वाद्यांनी एकमेकांना आदेश द्यायची सामायिक भाषा. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. हा उपकार मोठा आहे. पण मिडीची भाषाही पट्टीचीच: कोणती दाबली, केव्हा सोडली, जोर ० ते १२७ मध्ये किती. सूर सरकवायचा आदेश एका चॅनेलवरच्या सगळ्या सुरांना एकदम लागू होतो. आपल्याकडे हे दुखणं जुनंच. पेटीवर मींड येत नाही, श्रुती लागत नाहीत, हा आक्षेप इतका तीव्र होता की १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. एकेका सुराला स्वतंत्र हालचाल देणारी एमपीई ही मिडीची जोड अधिकृत व्हायला २०१८ उजाडलं.

मिडीनं आणखी एक दार उघडलं. आवाज करणारं यंत्र आणि हातातलं साधन वेगळं झालं, मग साधनाला पट्ट्यांचं रूप कशाला? ॲमस्टरडॅमच्या स्टाइम संस्थेत मिशेल वाइसव्हिस यांनी १९८४ मध्ये दोन्ही हातांवर चढवायची ‘द हँड्स’ बनवली. हात हलवले, जवळ-लांब नेले, कलते केले की संगीत बदलायचं. अशी कामं करणाऱ्यांची २००१ मध्ये सिएटलला कार्यशाळा झाली आणि पुढच्या वर्षी डब्लिनपासून ‘नाइम’ ही अशा नव्या वाद्यसाधनांची परिषद स्वतंत्रपणे भरू लागली.

डब्लिनच्या त्या परिषदेत प्रिन्स्टनचे अजय कपूर आणि त्यांचे सहकारी विजेवरचा तबला घेऊन आले होते. दाब ओळखणारे संवेदक त्यात बसवले होते. चाटीवरचा (कडेचा) आणि मैदानातला (कड आणि शाई यांमधला) आघात त्यात वेगळा ओळखला जायचा. आणि डग्ग्यावर, तळहाताची टाच जिथे टेकते तिथेही संवेदक होता, कारण ‘गे’ हा बोल वाजवल्यावर ती टाच दाबत पुढे सरकवली की सूर वर चढतो, आणि तो चढ त्यांना सोडायचा नव्हता.