सांडपाण्याच्या प्लास्टिक पाइपांचा सॉल्व्हंट सिमेंट जोड

घरातील मोरी, न्हाणीघर आणि शौचालय यांतील सांडपाणी वाहून नेणारे पीव्हीसी किंवा एबीएस प्लास्टिकचे पाइप एल्बो, टी, कपलर यांसारख्या फिटिंगमध्ये द्रावकयुक्त सिमेंट लावून कायमचे बसवण्याची पद्धत.

पीव्हीसीसाठीच्या सिमेंटमध्ये टेट्राहायड्रोफ्युरान, मिथिल इथिल कीटोन, सायक्लोहेक्झॅनोन यांसारखी द्रावके असून त्यांत पीव्हीसी रेझिन विरघळवलेले असते. लाकडाला लावलेला सरस दोन फळ्यांमध्ये वेगळा थर होऊन राहतो. सॉल्व्हंट सिमेंट मात्र पाइपाचा बाहेरचा आणि सॉकेटचा (फिटिंगच्या ज्या तोंडात पाइप शिरतो त्याचा) आतला पृष्ठभाग मऊ करून फुगवते, त्या अवस्थेत दोहोंकडील बहुवारिकांच्या (प्लास्टिकच्या लांब रेणूंच्या) साखळ्या एकमेकींत शिरतात आणि द्रावक उडून गेल्यावर तेथे एकसंध प्लास्टिक उरते. म्हणूनच प्रत्येक प्लास्टिकला त्याच्यासाठी बनवलेले सिमेंट वापरावे लागते. पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन ही प्लास्टिके अशा द्रावकांना दाद देत नाहीत. त्यांचे पाइप उष्णतेने किंवा रबरी रिंग घालून जोडतात.

जोड एकदा बसला की तो सोडवता येत नाही, तो कापूनच काढावा लागतो. त्यामुळे कामाची खरी कसोटी सिमेंटचा डबा उघडण्यापूर्वीच असते. पाइप अक्षाशी काटकोनात कापावा, कारण तिरका काप सॉकेटच्या तळाला सर्व बाजूंनी टेकत नाही आणि जोडाचे क्षेत्र घटते. करवतीने कापताना कडेला राहणारे प्लास्टिकचे कुसळ कानशीने आतून-बाहेरून काढलेच पाहिजे: बाहेरचे कुसळ आत सरकताना सिमेंट खरवडून नेते, तर आतले वर्षानुवर्षे केस आणि चिंध्या अडवत राहते. बाहेरची कड थोडी उतरती केल्यास पाइप सहज शिरतो. सॉकेट आत किंचित निमुळते असल्याने कोरडा पाइप साधारण एकतृतीयांश ते दोनतृतीयांश खोलीवर घट्ट होतो. तो ढिला बसत असेल तर सिमेंटचा जाड थर देऊन ती पोकळी भरून निघत नाही. सर्व भाग कोरडेच जुळवून उतार तपासावा आणि पाइप व फिटिंग या दोहोंवर मिळून एक खूण करावी. सुमारे १०० मिमी व्यासाच्या आडव्या पाइपाला सामान्यतः दर मीटरला १० ते २५ मिमी उतार देतात, आणि कोनात थोडी चूक झाली तरी तो बिघडतो.

धूळ, ओल व तेलकटपणा पुसल्यावर, जेथे आवश्यक असेल तेथे प्रायमर (पृष्ठभाग आधी मऊ करणारा द्रव) लावून, पाइपावर भरपूर आणि सॉकेटमध्ये पातळ असे सिमेंट फिरवतात. सॉकेटमध्ये ते जास्त झाले तर आत साचून पाइपाची भिंत मऊ करते. दोन्ही पृष्ठ ओले असतानाच पाइप तळापर्यंत दाबून, खूण जुळेल अशा बेताने पाव फेरा फिरवावा आणि सुमारे ३० सेकंद धरून ठेवावा, अन्यथा निमुळते सॉकेट त्याला मागे ढकलते. जोडाभोवती सिमेंटचे सलग, बारीक कडे दिसले म्हणजे सिमेंट सर्वत्र पोचले, असे सामान्यतः समजावे. थंड किंवा दमट हवेत जोड सुकायला बराच अधिक वेळ लागतो, आणि ही वेळ डब्यावरील तक्त्यावरूनच घ्यावी. घट्ट होऊन जेलीसारखे झालेले सिमेंट पातळ करून वापरू नये.

ही द्रावके ज्वालाग्राही असून त्यांच्या वाफेने चक्कर येते. बंद न्हाणीघरात काम करताना खिडकी उघडी ठेवणे, ज्योत दूर ठेवणे आणि डब्याचे झाकण दर वेळी लावणे अनिवार्य आहे.

चिकटवलेला जोड जराही सरकत नाही, हा उभ्या लांब नळमार्गात दोष ठरतो. तापमानात ३० अंश सेल्सिअसचा फरक पडल्यास ४ मीटर पीव्हीसी पाइप सुमारे ७ मिमी लांबतो. ती वाढ सामावण्यासाठी मध्ये रबरी रिंगचा सरकता जोड ठेवतात. पूर्ण सुकल्यावर मार्गाचे खालचे तोंड बंद करून पाणी भरतात व प्रत्येक जोड कोरडा आहे का ते पाहतात. दाबाची हवा भरून ही चाचणी करू नये, कारण पीव्हीसी फुटल्यास त्याचे तुकडे वेगाने उडतात.