शितावरून भात कळतो, मत कळतं का?

९ सप्टेंबर २०२५ला नेपाळमध्ये तरुणांच्या उठावामुळे पंतप्रधान के. पी. शर्मा ओलींनी राजीनामा दिला आणि १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. त्या आठवड्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत जो तो गेटवर थांबून नेपाळी वॉचमन काकांना विचारत होता, नवं सरकार कसं वाटतंय? काका मोबाइल खिशात टाकून उभे राहायचे आणि सगळ्यांना एकच सांगायचे, "अच्छा है साहब." रात्री केबिनमध्ये चहा पिताना मला म्हणाले, गावाकडे मुलाने फोन उचलेपर्यंत सरकार हा विषय डोक्यातच नव्हता. सर्वेक्षणाच्या कागदावर मात्र त्यांचं गेटवरचंच उत्तर गेलं असतं.

शितावरून भाताची परीक्षा आपण करतो, कारण पातेल्यातला सगळा भात सारखा शिजतो. चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी हजार माणसं निवडली, तर एका शहराचा काय आणि अख्ख्या देशाचा काय, कौल साधारण तीन टक्के इकडेतिकडे कळतो. पण निवड एकांगी असेल तर आकडा कितीही मोठा असो, उपयोग नाही. अमेरिकेत १९३६ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी एका नामांकित साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त उत्तरं आली होती. त्यांनी पराभूत ठरवलेले रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यांत जिंकले! उठावानंतर तर भात एका बाजूने करपलेला आणि दुसरीकडे कच्चा असतो. जुन्या सरकारचे समर्थक दार उघडत नाहीत, कुणी गाव सोडून गेलेलं असतं. रस्त्यावर उतरलेले उत्साहाने बोलतात, आणि तेच मोजले जातात.

त्यात भीती. मनात एक आणि ओठांवर दुसरं, या वागण्याचा अर्थतज्ज्ञ तिमूर कुरान यांनी सखोल अभ्यास केला आहे. सगळेच असे वागले की प्रत्येकाला वाटतं, विरोधात मी एकटाच.

शिवाय नव्याचे नऊ दिवस असतातच. आणीबाणीनंतर १९७७मध्ये लोकांनी इंदिरा गांधींना घरी बसवलं आणि १९८०मध्ये त्यांच्याच पक्षाला ३५३ जागा दिल्या. सुटकेचा निःश्वास आणि नव्या सरकारवरचा विश्वास पहिल्या महिन्यात वेगळे काढता येत नाहीत. म्हणून तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हापुन्हा विचारावा लागतो.

भीतीवर मात्र एक सुंदर तोडगा आहे. स्टॅन्ली वॉर्नर यांनी तो १९६५मध्ये मांडला. त्याचं सोपं रूप असं: प्रश्न आहे, "नव्या सरकारवर तुमचा अविश्वास आहे का?" उत्तर देणाऱ्याने आडोशाला नाणं उडवायचं. छापा पडला तर डोळे मिटून "हो" म्हणायचं, काटा पडला तर खरं सांगायचं. समोरच्याला नाणं दिसत नाही, त्यामुळे कुणाचंही "हो" त्याच्यावर शेकत नाही. हजारांपैकी ६८० जण "हो" म्हणाले असं धरू. त्यातले ५०० नाण्याचे. उरलेल्या ५०० जणांत खरे "हो" १८०, म्हणजे ३६ टक्के. एकाही माणसाचं गुपित न फोडता सगळ्यांचं मत हाती येतं, हे मला गणितातलं माणुसकीचं काम वाटतं. त्याची किंमत मोजावी लागते: निम्मी उत्तरं नाण्याची असल्यामुळे तितकाच नेमका आकडा हवा तर कितीतरी जास्त माणसांना भेटावं लागतं.