सुई कोणाच्या हातात होती?

८ जुलै १९९८. फ्रान्स-बेल्जियम सीमेवर फ्रेंच कस्टम्सने फेस्तिना सायकल संघाची गाडी अडवली. गाडी चालवणारा विली व्हूट ना खेळाडू होता, ना डॉक्टर. तो ‘स्वान्यर’ होता, म्हणजे शर्यतीनंतर पायांना मालिश करणारा, खाण्यापिण्याचं बघणारा माणूस. गाडीत ईपीओ या बंदी असलेल्या औषधाच्या दोनशेहून जास्त मात्रा सापडल्या, शिवाय ग्रोथ हार्मोन आणि टेस्टोस्टेरॉन. त्यानंतर काही दिवसांतच अख्खा संघ टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीतून बाहेर काढला गेला. प्रयोगशाळेचा यात काहीच हात नव्हता, कारण ईपीओ ओळखणारी चाचणीच तेव्हा वापरात नव्हती.

ईपीओ हे मूत्रपिंडात तयार होणारं हार्मोन अस्थिमज्जेला लाल पेशी बनवायला लावतं. पेशी वाढल्या की स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो. चाचणी नसल्यामुळे १९९७ मध्ये सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने एक मर्यादा घातली: हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ५० टक्क्यांच्या वर गेला तर शर्यतीला मनाई.

पण वाटाच मोजायचा तर रक्त पातळ केलं की झालं! सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या डोपिंग प्रकरणात २०१२ साली अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेने साक्षी प्रसिद्ध केल्या. त्यांत १९९८ च्या जागतिक स्पर्धेचा एक प्रसंग आहे. तपासणी अधिकारी आलेले असताना संघाच्या डॉक्टरने रेनकोटखाली लपवून लिटरभर सलाइन आत नेलं आणि ते आर्मस्ट्राँगला चढवलं. लाल पेशी होत्या तेवढ्याच राहिल्या, फक्त त्यांच्याभोवतीचं पाणी वाढलं. हे वाचताना मला त्या औषधापेक्षा तो रेनकोट जास्त अस्वस्थ करतो.

२००८ पासून सायकलपटूंचा ‘जैविक पासपोर्ट’, म्हणजे वेळोवेळी केलेल्या रक्तचाचण्यांची नोंद, ठेवला जातो. त्यात रेटिक्युलोसाइट, म्हणजे मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी मोजतात. दिवस-दोन दिवसांत त्या प्रौढ होतात. लाल पेशी वाढवायची दुसरी वाट म्हणजे स्वतःचंच रक्त काढून साठवायचं आणि शर्यतीआधी परत चढवायचं. असं रक्त चढवलं की शरीर स्वतःचं ईपीओ कमी करतं आणि कोवळ्या पेशी घटतात. रक्त काढून घेतलं की उलट त्या वाढतात. आणि एकूण लाल पेशींत कोवळ्या किती, हेच प्रमाण बघत असल्याने सलाइन कितीही चढवा, ते हलत नाही. मला ही युक्ती फार सुंदर वाटते. अगदी थोड्या थोड्या मात्रा घेऊन पासपोर्टलाही चकवण्याचे प्रयत्न होतात, पण काम खूपच अवघड झालंय हे नक्की.

तरी पासपोर्टवर नाव खेळाडूचंच असतं. पिशवी कोणी भरली, कोणत्या फ्रिजमध्ये ठेवली, हे रक्तात उमटत नाही. म्हणून संशयाची चौकशी सायकलपटूपाशी थांबवणं मला अपुरं वाटतं. २०१५ च्या जागतिक डोपिंगविरोधी संहितेने बंदी आलेल्या डॉक्टर वा प्रशिक्षकाबरोबर काम करणं हाच खेळाडूसाठी गुन्हा ठरवला. जर्मनीतल्या एरफुर्टचा एक डॉक्टर स्कीपटू आणि सायकलपटूंचं रक्त काढून साठवायचा आणि परत चढवायचा. त्याला २०१९ मध्ये पोलिसांनी छापे घालून पकडलं. जानेवारी २०२१ मध्ये त्याला चार वर्षं दहा महिन्यांची कैद झाली.