कृषिवानिकी : मृदेची सुपीकता व वनस्पतिविविधता

एकाच जमिनीवर बहुवर्षायू वृक्ष किंवा झुडपे आणि पिके, कुरणे वा पशुधन हेतुपुरस्सर एकत्र वाढविण्याच्या पद्धतीस कृषिवानिकी म्हणतात. प्रथा म्हणून ती फार जुनी आहे. स्वतंत्र विद्याशाखा म्हणून मात्र तिची मांडणी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून झाली. वृक्षांमुळे जमीन कसदार होते, हे आरंभी जवळजवळ गृहीतच धरले जाई. पुढील संशोधनाने हे विधान नाकारले नाही, पण त्याला अनेक अटी जोडल्या.

वृक्ष मृदेच्या सुपीकतेत मुख्यतः तीन मार्गांनी भर घालतात. पालापाचोळा आणि मरून गेलेली बारीक मुळे यांमुळे सेंद्रिय कर्ब वाढतो, मातीची कणरचना सुधारते आणि पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढते. शिंबावंत (शेंगा धरणाऱ्या) कुळातील अनेक वृक्ष मुळांवरील गाठींतील जीवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र स्थिर करतात. खोल जाणारी मुळे पिकाच्या आवाक्याबाहेर झिरपलेली पोषकद्रव्ये पुन्हा पृष्ठभागाकडे आणतात. पश्चिम केन्यात मक्याच्या मुळांखाली साठलेले नायट्रेट शेवरीच्या मुळांनी शोषून घेतल्याचे आढळले आहे. स्फुरदाची गोष्ट वेगळी आहे. तो हवेतून मिळत नाही, त्यामुळे मुळांशी सहजीवन करणाऱ्या कवकांच्या मदतीने वृक्ष आहे तोच स्फुरद अधिक कार्यक्षमतेने वापरतात. धान्याबरोबर शेताबाहेर गेलेला स्फुरद बाहेरूनच भरून काढावा लागतो.

या विषयातील सर्वांत चर्चित उदाहरण आफ्रिकेतील फेडहर्बिया अल्बिडा या वृक्षाचे आहे. तो पूर्वी अकेशिया अल्बिडा या नावाने ओळखला जाई. पावसाळ्यात तो पाने गाळतो आणि कोरड्या ऋतूत हिरवा राहतो, त्यामुळे पीक उभे असताना त्याची सावली विरळ असते. सेनेगलमध्ये शारो व व्हिदाल यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच्या पर्णसंभाराखालील बाजरीचे उत्पन्न मोकळ्या शेतापेक्षा ठळकपणे अधिक आढळले. तेथील मातीत नत्र व सेंद्रिय द्रव्यही जास्त होते. या वाढीचे श्रेय वृक्षाला द्यावे की नाही, यावर मात्र मतभेद आहेत. १९९० च्या दशकाच्या आरंभी नायजरमधील वालुकामय जमिनींचा अभ्यास करणाऱ्यांनी असे मांडले की, तेथील माती काही पावलांच्या अंतरावर बदलते आणि रोप मुळात कसदार जागीच तग धरते. म्हणजे सुपीकता हा वृक्षाचा परिणाम नसून त्याच्या तेथे असण्याचे कारण असावे. दुसरा आक्षेप असा की, आडवी पसरलेली मुळे भोवतालच्या शेतातून पोषकद्रव्ये ओढून खोडाजवळ साठवितात, तेव्हा एकूण शेताच्या हिशेबात ही भर नसून निव्वळ स्थलांतर ठरते. त्यातच उन्हाळ्यात सावलीला येणाऱ्या व शेंगा खाणाऱ्या गुरांचे शेण आणि वाऱ्याबरोबर येऊन झाडाशी अडकणारी धूळ यांचा वाटा वेगळा काढणे कठीण असते. वृक्षाचा परिणाम ठळक होण्यास काही दशके लागतात, हे बहुतेकांना मान्य आहे. ते लक्षात घेता, कोवळ्या झाडाभोवतीची माती कसदार असेल तर पहिले स्पष्टीकरण आणि जुन्या, विस्तीर्ण वृक्षाखाली ती तशी असेल तर वृक्षाचा स्वतःचा वाटा अधिक संभवतो. दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी घडत असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पाल्याचा दर्जाही निर्णायक असतो. नत्र २.५ टक्क्यांहून अधिक, लिग्निन (पाल्याला चिवटपणा देणारे काष्ठद्रव्य) १५ टक्क्यांहून कमी आणि पॉलिफिनॉल (कुजणे मंदावणारी संयुगे) ४ टक्क्यांहून कमी असलेला पाला मातीत मिसळताच नत्र लवकर मोकळा करतो, असा निकष सर्वसाधारणपणे वापरला जातो. गिरिपुष्पाची कोवळी पाने अशी असतात. काही आठवड्यांत त्यांच्या शिराच उरतात. याउलट सिल्व्हर ओकचा चिवट पाला दीर्घकाळ तसाच पडून राहतो. तो जमीन झाकून धूप व बाष्पीभवन रोखतो, पण चालू हंगामातील पिकाला खत म्हणून त्याचा उपयोग थोडा.

झुडपांच्या समांतर ओळींमधील पट्ट्यांत पीक घेण्याची ‘ॲली क्रॉपिंग’ पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून नायजेरियातील इबादान येथे विकसित झाली. दमट प्रदेशांत तिचे निष्कर्ष आशादायक होते. भारतातील निमशुष्क भागांत मात्र सुबाभळीच्या ओळींनी पिकाचे पाणीच ओढून घेतले. वृक्षाने पिकाला एरवी न मिळणारी साधनेच वापरली तर संमिश्र शेती लाभदायक ठरते, हे कॅनेल, फान नोर्डव्हेइक व आँग यांनी १९९६ मध्ये मांडलेले सूत्र अशा अनुभवांच्या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

वनस्पतिविविधतेचा विचार करताना शेतकऱ्याने लावलेल्या जाती आणि आपोआप रुजलेल्या जाती यांत फरक करणे आवश्यक ठरते. केरळ व जावा येथील परसबागांत पहिल्या गटाचे प्रमाण मोठे असते: नारळ, फणस, केळी, मिरी व कंद अशा निरनिराळ्या उंचीच्या वनस्पती एकमेकींच्या सावलीत वाढतात. सुमात्रातील जुन्या रबर बागांत व ब्राझीलमधील बाहियाच्या काब्रुका नामक कोको बागांत दुसरा गट महत्त्वाचा असून काब्रुकात मूळ जंगलातील मोठे वृक्ष सावलीसाठी राखले जातात. कर्नाटकातील कोडगूच्या कॉफीमळ्यांत अशाच देशी छायावृक्षांची जागा अनेक ठिकाणी सिल्व्हर ओकने घेतली आहे. हा वृक्ष सरळ, झपाट्याने वाढणारा व इमारती लाकूड देणारा असल्याने लागवड करणाऱ्यांचा कल समजण्यासारखा आहे, तरी एकजिनसी पाल्यामुळे मातीला मिळणारी विविधता त्यात घटते, ही हानी गंभीर आहे.

केवळ जातींची संख्या वाढविल्याने सुपीकता त्या प्रमाणात वाढत नाही. नत्र स्थिर करणारी एक, खोल मुळांची एक आणि सावकाश कुजणाऱ्या पाल्याची एक, अशा तीन जाती सारख्याच स्वभावाच्या दहा जातींपेक्षा जमिनीला अधिक उपकारक ठरू शकतात. मृदेतील कवके व जीवाणू यांची विविधता वरील वनस्पतींशी निगडित असते. मशागत कमी असलेल्या आणि पालापाचोळ्याने वर्षभर झाकलेल्या जमिनीत गांडुळांचा वावरही सामान्यतः अधिक आढळतो.