मशीनचा संगणक अपडेट करावा का?

घरचा संगणक अर्धा सेकंद अडखळला तर आपलं काही बिघडत नाही. तोच संगणक मिलिंग मशीन किंवा लाकूड कोरणारं राउटर चालवत असेल, तर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका उशीरसुद्धा जॉब वाया घालवू शकतो. वर्कशॉपमधल्या संगणकाला नेटवर्क जोडायचं का, त्याचं सॉफ्टवेअर अपडेट करायचं का, हे दोन्ही प्रश्न शेवटी या एवढ्याशा वेळेपाशी येऊन थांबतात.

थोडा हिशोब करू. साधी स्टेपर मोटर, म्हणजे विजेच्या प्रत्येक ठोक्याला (पल्सला) एक पाऊल फिरणारी मोटर, एका फेरीत 200 पावलं टाकते. मोटरला वीज देणारा ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे दहा भाग करत असेल, तर एका फेरीला 2000 पल्स लागतात. मोटरला 5 मिलिमीटर पिचचा, म्हणजे एका फेरीत टेबल 5 मिलिमीटर सरकवणारा, बॉलस्क्रू जोडला असेल, तर टेबल एक मिलिमीटर सरकवायला 400 पल्स हव्यात. मिनिटाला 3000 मिलिमीटर या वेगासाठी सेकंदाला 20,000, म्हणजे दर 50 मायक्रोसेकंदाला एक. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

मोटरचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, या पल्समागे धावतो तो दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुलीसारखा. दोरी एका लयीत फिरतेय तोवर कितीही भरभर उड्या मारता येतात. मध्येच ती क्षणभर थबकून झपकन आली की पाय अडकतो. रोटर अडकला की मोटर नुसती गुरगुरते आणि टेबल जागच्या जागी राहतं. छोट्या मशीनवर टेबल प्रत्यक्षात कुठे आहे हे परत कळवणारा एनकोडर बहुधा नसतो. संगणक पल्स मोजत पुढे जातो, पडद्यावरचे आकडे अचूक दिसतात, आणि तिथून पुढचं सगळं कोरीवकाम काही मिलिमीटर बाजूला पडतं.

नेहमीच्या विंडोज किंवा लिनक्सला असा वक्तशीरपणा शिकवलेलाच नसतो. एकूण काम जास्तीत जास्त उरकावं, हे त्यांचं धोरण. पेन ड्राइव्ह लावली, ग्राफिक्स कार्डाला काही हवं झालं, नेटवर्कवरून पॅकेट आलं, की हातातलं काम बाजूला ठेवून ते तिकडे बघतात. मशीनसाठी सरासरी वेग कामाचा नाही. दिवसभरातला सगळ्यात मोठा उशीर किती, एवढंच पाहायचं.

अशी मशीन चालवणाऱ्या लिनक्सएनसी या मोफत सॉफ्टवेअरच्या वाटचालीत हा सगळा झगडा दिसतो. त्याची मुळं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेत 1990 च्या दशकात झालेल्या कामात आहेत. सरकारी खर्चानं झालेलं काम म्हणून ते सगळ्यांसाठी खुलं झालं. पुढे अनेक वर्षं ते चालवायला लिनक्सचं कर्नल, म्हणजे गाभा, वेळेची हमी देण्यासाठी खास दुरुस्त केलेलं लागायचं. कुणी सहज म्हणून सगळी सिस्टिम अपडेट केली की नवं, साधं कर्नल बसायचं आणि मशीन सुरूच व्हायचं नाही. ‘मशीनच्या संगणकाला हात लावू नका’ हा वर्कशॉपमधला नियम अशा अनुभवांतून आला आहे आणि त्याला आधार आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये लिनक्स 6.12 आलं, तेव्हा वेळेची हमी देणारी ही सोय मूळ कर्नलमध्ये दाखल झाली. तिच्यामागे सुमारे वीस वर्षांची मेहनत आहे, आणि माझ्या मते छोट्या कारखान्यांसाठी ही गेल्या काही वर्षांतली फार मोठी गोष्ट आहे.

एखादा संगणक या कामाला चालेल का, हे मोजून ठरवता येतं. लिनक्सएनसीसोबत हा उशीर मोजणारी लेटन्सी टेस्ट मिळते. ती सुरू करायची आणि संगणकाला मुद्दाम छळायचं: मोठ्या फायली कॉपी करायच्या, व्हिडिओ लावायचा, पडद्यावरच्या खिडक्या इकडून तिकडे ओढायच्या. सगळ्यात मोठा उशीर 15 ते 20 मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर उत्तम. 100 च्या वर गेला तर पल्स बनवण्याचं काम त्या संगणकाकडे देऊ नये. महागडा, नवाकोरा लॅपटॉप इथे सपशेल नापास होतो आणि जुना, बोजड डेस्कटॉप पहिल्या वर्गात पास होतो, असं नेहमी दिसतं. वीज वाचवण्यासाठी लॅपटॉप प्रोसेसरचा वेग सतत कमीजास्त करत राहतो. शिवाय तापमान, बॅटरी यांसाठी मदरबोर्ड स्वतःच प्रोसेसरला मध्येच थांबवतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला त्याचा पत्ताही लागत नाही.

यावरचा पक्का उपाय म्हणजे पल्स बनवण्याचं काम संगणकाकडून काढून घेणं. मेसा कंपनीच्या कार्डांसारख्या कार्डांवर एफपीजीए नावाची चिप असते. पल्स ती बनवते. संगणकानं दर मिलिसेकंदाला तिला ‘आता या वेगानं जा’ एवढं सांगायचं आणि ती कुठे पोचली ते विचारून घ्यायचं. पन्नास मायक्रोसेकंदांची तंगी संपते, हजाराची ऐसपैस जागा मिळते.

गंमत अशी की यातली बरीच कार्डं साध्या इथरनेट केबलनं जोडली जातात, आणि इथेच घोटाळा होतो. केबल नेटवर्कची दिसते म्हणून कुणीतरी ती ऑफिसच्या स्विचमध्ये खोचतो. ही केबल संगणक आणि कार्ड या दोघांचीच असली पाहिजे. मध्ये नेटवर्कचा राउटर नको, वायफाय तर मुळीच नको. संगणकाकडून काही मिलिसेकंद निरोप आला नाही की कार्डावरचा वॉचडॉग सगळे आउटपुट बंद करतो आणि मशीन जागीच थांबतं. आणखी एक बारीक गोष्ट: बरीच नेटवर्क कार्डं आलेली पॅकेटं थोडी साठवून एकदम पुढे देतात. प्रोसेसरचा त्रास वाचतो, डाउनलोडला ते सोयीचंच. मशीनला मात्र ही साठवण चालत नाही, ती सेटिंगमध्ये जाऊन शून्यावर आणावी लागते. ऑफिसमधून प्रोग्राम आणायला दुसरा नेटवर्क पोर्ट ठेवायचा. प्रोग्रामची फाइल आधी मशीनच्या डिस्कवर कॉपी करायची आणि मगच सायकल स्टार्ट दाबायचं.

हे सगळं जमून मशीन ऑफिसच्या नेटवर्कला जोडलं की दार उघडतं, आणि उघड्या दारातून काय येतं ते 2017 मध्ये जगानं पाहिलं. विंडोजच्या फाइल शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीत, एसएमबी 1 मध्ये, भोक होतं. मायक्रोसॉफ्टनं ते बुजवणारा अपडेट 14 मार्चला दिला. 12 मेला वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तो अपडेट न केलेल्या संगणकांतून. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसनं हेच भोक वापरलं आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमधून मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही बंद पाडलं. ऑगस्ट 2018 मध्ये तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीत नवीन यंत्राचं सॉफ्टवेअर बसवताना वॉनाक्रायचाच भाऊबंद आत शिरला आणि जुन्या विंडोज 7 वर चालणाऱ्या यंत्रांमध्ये फिरला. दुरुस्ती येऊन तेव्हा जवळजवळ दीड वर्ष झालं होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अपडेट करायचा नसेल तर नेटवर्क तोडा. नेटवर्क हवं असेल तर अपडेटची तजवीज करा. जोडलेला पण वर्षानुवर्षं न शिवलेला संगणक सगळ्यात धोक्याचा.

अपडेट स्वयंचलित मात्र ठेवू नये. टूल फिरवणारा स्पिंडल चालू असताना संगणक आपोआप रीस्टार्ट झाला तर टूल तुटतं, किंवा त्याहून वाईट घडतं. भोसरी, पिंपरीकडे गुरुवारी सुट्टी असते. असा दिवस निवडावा. आधी आख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या एसएसडीवर घ्यायची. बॅकलॅशचे (स्क्रूमधल्या ढिलाईचे) आकडे, स्क्रूच्या चुकीची भरपाई, टूल टेबल, ही सेटिंग्ज वेगळी जपायची. ती पुन्हा काढायला डायल गेज लावून दिवस जातो. अपडेट प्रतीवर करायचा, पुन्हा तासन्‌तास लेटन्सी टेस्ट, मग टूल जॉबच्या वर ठेवून ड्राय रन, मग एक फुकटचा तुकडा कापून मायक्रोमीटरनं मोजायचा. काही बिनसलं तर जुनी डिस्क परत लावून शुक्रवारची पहिली पाळी वेळेवर सुरू होते.

ज्यांना अपडेटच मिळत नाही त्यांचा प्रश्न अवघड आहे. माक 3 हे लोकप्रिय सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टवरून (जुन्या प्रिंटरच्या जोडणीवरून) मशीन चालवतं ते फक्त 32 बिट विंडोजवर. विंडोज 11 ला 32 बिट आवृत्तीच नाही, आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मोठ्या सीएनसी मशीनच्या पॅनेलमागे अजून विंडोज एक्सपी सापडतं. ऑफिसचा नवा संगणक अशा मशीनचा फोल्डर उघडत नाही, कारण एसएमबी 1 आता मुळातच बंद असतं. मग घाईत कुणीतरी ते नव्या संगणकावर सुरू करून देतो आणि 2017 मध्ये भोक सापडलेली तीच जुनी, असुरक्षित पद्धत पुन्हा वापरात येते. त्यापेक्षा मध्ये दोन नेटवर्क पोर्टांचा एक छोटा लिनक्स संगणक ठेवावा. एका बाजूनं तो ऑफिसशी आजच्या सुरक्षित पद्धतीनं बोलेल, दुसऱ्या बाजूनं एकट्या मशीनशी जुन्या पद्धतीनं. आणि नियमित अपडेट करायचा तो हाच.